आमच्याच प्लॉटवरचा धूर

जर्मनीत आम्ही राहायचो त्या इमारतीच्या मागच्या अंगणात चार रंगांचे डबे होते आणि त्या डब्यांनी पहिलं वर्षभर माझं डोकं उठवलं. तपकिरीत ओलं, निळ्यात कागद, पिवळ्यात प्लास्टिक आणि पत्र्याचे डबे, आणि उरलंसुरलं काळ्यात. काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या मोठ्या पिंपात न्यायच्या, त्याही रंग बघून, आणि रविवारी तर मुळीच नाही, कारण आवाज होतो. मी अकोल्याची. आमच्या घरी कचऱ्याला एकच रंग होता, कचऱ्याचा. एकदा मी नारळाची करवंटी ओल्यात टाकली, तर तळमजल्यावरच्या म्हातारीनं ती स्वच्छ धुऊन माझ्या दारासमोरच्या पायपुसण्यावर आणून ठेवली. वर बेल वाजवून सांगितलं, हे काळ्यात. भांडली असती तर बरं वाटलं असतं, पण बाई हसून सांगत होती. मी दार लावलं आणि वऱ्हाडीतून दोन-चार शब्द हासडले तेव्हा कुठं घास घशाखाली उतरला.

त्यात डबे रस्त्याच्या कडेला ठेवायचे आदल्या संध्याकाळी, कारण गाडी भल्या पहाटे यायची. हिवाळ्यात तिकडे चार वाजताच अंधारतं. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना नवरा डबा ओढत निघाला, तर अमरावतीहून सासूबाई ओरडल्या, "काहून रे, दिवे लागल्यावर कचरा बाहेर नेऊन राहिला? घरातली लक्ष्मी जाईन ना!" नवरा म्हणाला, "आई, इथं लक्ष्मीलाही वेळापत्रक असतं." त्यांना ते आवडलं नाही. दोन दिवस त्या माझ्याशीच बोलल्या नाहीत, जणू डबा मी ओढला होता.

सासरे गेल्यावर सासूबाई अमरावतीच्या घरात एकट्या पडल्या. मुलगी शाळेत जायला लागली होती आणि आजीशी मराठीत चार वाक्यं बोलता येत नाहीत म्हणून रडायची. नवऱ्याचं काम घरून चालण्यासारखं होतं. मग आम्ही गाशा गुंडाळला आणि परत आलो. सासऱ्यांनी पूर्वी शेजारशेजारचे दोन प्लॉट घेऊन ठेवले होते. एकावर घर बांधलं, दुसरा पोरासाठी मोकळा सोडला. त्या मोकळ्या प्लॉटवर आमचं घर बांधायचं, मधली भिंत काढायची, आजी आणि नात एकाच अंगणात राहतील, असा सगळा बेत होता. विमानात मी त्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या मोजत होते. चार रंगांचे डबे सुटले याचा आनंद तर विचारूच नका.

पहिल्या सकाळी गच्चीवर गेले आणि आमचा प्लॉट बघितला. प्लॉट दिसतच नव्हता. पिशव्या, पिशव्यांवर पिशव्या, कोंबड्यांची पिसं, लहान मुलांची लंगोटं, निर्माल्य, फुटकी बादली, आणि त्या सगळ्यावर आरामात बसलेली तीन डुकरं.

"हे काय आहे?" मी सासूबाईंना विचारलं.

"उकिरडा," त्या शांतपणे म्हणाल्या.

आता ही भानगड समजायला मूर्तिजापूरकडच्या गावांमधलं जुनं घर माहीत पाहिजे. तिथं प्रत्येक घराचा आपला उकिरडा असतो, आपल्याच जागेत. शेण, राख, भाज्यांची देठं, झाडलोट, सगळं त्यात. वर्षभर कुजतं आणि उन्हाळ्यात गाड्या भरून शेतात जातं. उकिरडा मोठा म्हणजे घर भरलेलं. दिवाळीला त्याच्यावरही पणती लावतात. सासूबाई अशा घरातून अमरावतीत आल्या, तेव्हा दारात गाय होती, गावाकडे शेत होतं आणि बाजूला स्वतःचा मोकळा प्लॉट. त्यांनी तिथं उकिरडा घातला यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. शेजारणींनी विचारलं, आम्ही टाकू का, तर त्या म्हणाल्या, टाका माय, खतच होते. पुढं गाय गेली. शेत बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलं. खत न्यायला कोणी येईना. पण टाकणं कोण थांबवणार? तोवर गल्लीला सवय लागली होती आणि देठांच्या जागी प्लास्टिक आलं होतं.

कचऱ्याची गाडी येत नाही असं नाही. येते. भोंग्यावर गाणं लावून रोज सकाळी येते. पण येते तेव्हा नळ आलेला असतो. ज्या घरात नळाचं पाणी भरायचं चाललंय त्या घरातली बाई हातातली बादली टाकून कचऱ्याचा डबा घेऊन धावेल, हे ज्यानं ठरवलं त्यानं आयुष्यात पाणी भरलेलं नसणार. गाडी निघून जाते. दिवसभराचं खरकटं डब्यात साचतं. रात्रभर खरकटं घरात ठेवायचं नाही, हा एक नेम. दिवे लागल्यावर कचरा बाहेर टाकायचा नाही, हा दुसरा. मग काय, संध्याकाळी देवापाशी दिवा लागायच्या जरा आधी गल्लीतल्या साऱ्या बाया आणि अर्धे पुरुष पदराआड, पाठीमागे, कोणी तर उघड हातात घेऊन आमच्या प्लॉटकडे निघायचे. पिशवी भिरकावायची, वळायचं, घरी जाऊन हातपाय धुऊन दिवा लावायचा. सगळ्यांची घरं स्वच्छ, सगळ्यांच्या लक्ष्म्या जागेवर.

मी काय काय केलं ते सांगते. हिरव्या आणि निळ्या बादल्या आणून घरोघरी दिल्या. हिरव्यात लोकांनी तांदूळ भरले, निळ्या न्हाणीघरात गेल्या. समोरच्या निवृत्त मास्तरकाकांच्या ओट्यावर सगळ्यांना बोलावून चहा पाजला आणि ओला कचरा, सुका कचरा समजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. एक वहिनी म्हणाल्या, "तुमी तिकडून शिकून आल्या, मस्त सांगता हो." आणि त्याच संध्याकाळी त्यांची पिशवी माझ्या डोळ्यादेखत प्लॉटवर पडली. मग मी पाटी लावली, येथे कचरा टाकू नये. दुसऱ्या दिवशी पाटीच्या कोपऱ्याला एक पिशवी नीट गाठ मारून अडकवलेली होती. खाली टाकू नका म्हटलं होतं, त्या बिचाऱ्यानं ते पाळलं होतं. मी पाटीवर इतकी संतापले की ती उपटून आणली आणि जिन्याखाली फेकली.

नवरा म्हणायचा, घर बांधायला सुरुवात केली की आपोआप बंद होईल. पण घराचं बांधकाम सुरू करायचं की नाही हेच पुढं प्रश्नात पडलं, कारण मुलगी खोकायला लागली.

आधी वाटलं, हवा बदलली, होईल सवय. मग लक्षात आलं की दिवसा ती बरी असते आणि दिवेलागणीनंतर खोकते. कारण दिवेलागणीनंतर प्लॉटवर धूर व्हायचा. कोणीतरी रोज तो ढीग पेटवायचं. मोठा जाळ नाही, एका कोपऱ्यात धुमसत राहील इतकाच. निळसर, चिकट, जळक्या प्लास्टिकचा धूर खिडकीच्या फटीतून आत यायचा आणि माझी पोर उशीला टेकून बसून छातीतून शिट्टीसारखा आवाज काढत श्वास घ्यायची. डॉक्टरांनी छाती तपासली, तोंडाने ओढायचा पंप दिला आणि सरळ सांगितलं, हा धूर बंद करा. तो बंद होत नसेल तर हिला इथं ठेवू नका. सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. घरी येऊन त्यांनी अडुळशाचा काढा केला, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून नातीची छाती शेकली. नातीसाठीच तर त्या इतकी वर्षं वाट बघत बसल्या होत्या. आता नात आली होती आणि तिला इथं श्वास घेता येत नव्हता.

मी ठरवलं, पेटवणारा शोधायचाच. आणि डोक्यात राख घालून शोधायला निघालं की माणूस आधी सगळ्यात जवळच्यावर जातो. मास्तरकाका संध्याकाळी ओट्यावर बसतात, विडी ओढतात, काडेपेटी त्यांच्या खिशात असते. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काका, माझी पोरगी मरायला टेकलीय आणि तुम्ही रोज तो कचरा पेटवता?"

काका गांगरले. "मी? नाई वो बाई. मी काहून पेटवू?"

"मग कोण पेटवतं? तुम्ही इथंच बसलेले असता. तुम्हाला दिसत नाही?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून आमच्या फाटकाकडे बघितलं. तिथं सासूबाई उभ्या होत्या. काकांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "जाऊ द्या ना बाप्पा. संध्याकाळची वेळ आहे." मला वाटलं, काका टाळतायत. गल्लीत सगळे एकमेकांना सांभाळून घेतात, एवढं मला कळत होतं. कोणाला सांभाळून घेतायत ते कळलं नाही.

मग एका संध्याकाळी मी भाजी घेऊन मागच्या बाजूनं आले, कारण पुढच्या रस्त्यावर खोदकाम चाललं होतं. प्लॉटच्या कोपऱ्यात सासूबाई वाकलेल्या होत्या. एका हातात कडुनिंबाचा हिरवा डहाळा, दुसऱ्या हातात काडेपेटी. त्यांनी जुन्या कापडाची चिंधी पेटवली, ढिगात खोचली, वर डहाळा ठेवला आणि धूर नीट आमच्या खिडकीकडे वळावा म्हणून पदरानं वारा घालायला लागल्या.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. "आई! हे तुम्ही पेटवता?"

त्या दचकल्या नाहीत. "मंग कोन पेटवीन? पोरीले मच्छर फोडून खाऊन राहिले. मांगच्या गल्लीत दोन लेकरं डेंगूनं पडले, मायीत नाई का तुले? दिवे लागले का धुपट करा लागते. मच्छर पयते."

"डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं ना, धुरानं होतंय म्हणून?"

"तो गाड्याइचा धूर म्हनत होता. कडुनिंबाचं धुपट कोनाले बाधते वं? माह्ये लेकरं ह्याच धुपटात वाढले."

"यात कडुनिंब किती आणि प्लास्टिक किती, बघा तरी जरा!"

"पिशव्या का मी टाकल्या? पिशव्या लोकाइच्या हायेत. मी तं पालाच टाकतो."

मी पायानं तो डहाळा उडवला, बादलीभर पाणी आणून ओतलं आणि तोंडाला येईल ते बोलले. अडाणी म्हणाले. आणखीही काही म्हणाले. सासूबाई ओल्या राखेत उभ्या राहून ऐकत होत्या. मग त्या म्हणाल्या, "तुले वाटते मी तिले मारून राहिलो?" आणि आत जाऊन देवापाशी बसल्या. मी बाहेरच उभी राहिले. मला त्यांची दया आली नाही, खरं सांगते, रागच आला. चोर सापडला असता तर मी त्याला पकडून दिलं असतं. नातीवर जीव टाकणाऱ्या आजीला कुठं पकडून देता?

त्यांनी माझं ऐकलं नव्हतंच, धुपट चालूच होतं, आणि त्या आठवड्यात मुलीला दिवसाही धाप लागली, भर दुपारी दवाखान्यात न्यावं लागलं. वाफेचा मुखवटा तिच्या तोंडावर लावला, तेव्हा सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी होत्या. मुखवट्याच्या आतून मुलगी म्हणाली, "आजी, धूर नको." एवढंच. सासूबाईंनी तिचा पाय धरला आणि सोडलाच नाही. नर्सनं सांगितलं तरी सोडला नाही.

घरी आल्यावर त्यांनी काडेपेटी माझ्या हातात दिली. त्या संध्याकाळी त्या मुलीला गोष्ट सांगत आतल्या खोलीतच बसल्या. मी खिडकी उघडली. किती दिवसांनी उघडली. आणि थोड्याच वेळात तोच वास आला. मी धावत बाहेर गेले. प्लॉटच्या कोपऱ्यात मास्तरकाका उभे होते, काडीनं ढीग उकरत. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. त्या दिवशी मी इतकं बोलले होते, तरी.

"तुमच्या सासूबाई दिसल्या नाई आज," ते म्हणाले. "दवाखान्यातून थकून आल्या असतीन. मंग म्हनलं, आपनच करून द्यावं. पोरीले मच्छर नोको चावाले."

मी त्यांच्यापुढं हात जोडले. ते म्हणाले, त्यात काय एवढं. दुसऱ्या दिवशी त्यांना समजावलं, तर त्याच्या पुढच्या दिवशी पलीकडच्या वहिनींनी पेटवलं. त्यांना सांगितलं, तर त्यांच्या जावयानं. सासूबाईंनी इतकी वर्षं सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं की लेकरांचं घर असलं की संध्याकाळी धुपट करायचं असतं. आता ती गल्ली माझ्या मुलीची काळजी घ्यायची थांबायला तयार नव्हती.

शेवटी मी मुलीला घेऊन अकोल्याला आले, माहेरी. माझ्या भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली डांबर वितळतं, वर पत्रा तापतो, नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, पण धूर नाही. मुलीचं नाव इथल्या शाळेत घातलं. नवरा अमरावतीला आईजवळ राहतो आणि सुट्टीला येतो. बांधकामाचं आता कोणी काढत नाही. जर्मनीतून आलो ते सगळे एका अंगणात राहायला, आणि झालं काय, तर घर होतं तेही दोन गावांत वाटलं गेलं. याचा राग कोणावर काढायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. रोज वेगळ्यावर काढते.

सासूबाई मात्र पेटल्या. नवरा सांगतो, त्या संध्याकाळी काठी घेऊन प्लॉटवर खुर्ची टाकून बसतात. कोणी पिशवी घेऊन आलं की उठतात. ज्यांना त्यांनीच सांगितलं होतं, टाका माय, त्यांनाच आता हाकलतात. पलीकडच्या वहिनींनी बोलणं टाकलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलावलं नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ढीग थोडा कमी झालाय म्हणे. धूर आठवड्यातून एखाद्या दिवशी होतोच, त्या जेवायला आत गेल्या की. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न एकच, "कधी आनून राहिली पोरीले?" मी म्हणते, बघू. त्या म्हणतात, "आता नाई होऊ देत मी धुपट. तू आन तं खरं."

परवा फोन आला तेव्हा मुलगी माझ्याजवळच होती. मी फोन स्पीकरवर लावून ठेवला. आजी तिला सांगायला लागली, मास्तरकाकांना कसं पळवलं ते.

"मी म्हनलं, मास्तर, इकडं पाय ठेवसान तं पान्याची बादली तुमच्याच डोक्शावर उपडी करीन. तं मास्तर लुंगी सावरत असे पयाले, असे पयाले, का एक चप्पल उकिरड्यातच रायली! अन् ती चप्पल घेऊन डुक्कर पयालं मास्तराच्या मांगं!"

मुलगी हसायला लागली. पोट धरून, सतरंजीवर लोळून, पुन्हा सांग, पुन्हा सांग म्हणत हसत राहिली. अमरावतीला असताना तिचं हसणं सुरू झालं की मध्येच खोकला यायचा आणि हसू तिथंच तुटायचं, मग पंप शोधायची धावपळ व्हायची. आज ती शेवटपर्यंत हसली. श्वास घेतला आणि परत हसली. फोनवर पलीकडून काही आवाज येईना. मला वाटलं, लाइन कटली.

"आई? ऐकू येतंय ना?"

"येऊन राहिलं," सासूबाई म्हणाल्या. मुलीचं हसू अजून ओसरत होतं.

"नोको आनू वं तिले इकडं," त्या म्हणाल्या.